निकट-अवरक्त स्पेक्ट्रोग्राफ आखायचाय? आधी आकाश बघा

स्पेक्ट्रोग्राफ म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवून नोंदवणारं यंत्र; पसरवण्याचं काम ग्रेटिंग, म्हणजे बारीक समांतर खाचांचा पृष्ठभाग, करतं. पण ग्रेटिंगचा कॅटलॉग सध्या बाजूला ठेवा. नवी मुलं पहिल्याच दिवशी ग्रेटिंग निवडतात आणि मग त्याच्याभोवती यंत्र जुळवत बसतात. माझी सुरुवात आकाशापासून होते. सुमारे ८७ किलोमीटर उंचीवर हायड्रॉक्सिलचे रेणू रात्रभर चमकत असतात; एच पट्ट्यात (सुमारे १.५ ते १.८ मायक्रॉन तरंगलांबी) तर त्यांच्या रेषांचं रान माजलेलं असतं. या रेषा सुट्या झाल्या, की मधल्या काळोख्या फटींत अंधुक दीर्घिका हाती लागते. त्यासाठी विभेदनक्षमता, म्हणजे तरंगलांबी भागिले वेगळा ओळखता येणारा तिच्यातला सर्वांत लहान फरक, ४,०००च्या आसपास धरा.

आता कागद-पेन्सिल घ्या. विभेदनक्षमता, दुर्बिणीचा व्यास आणि स्लिटचा, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या फटीच्या रुंदीचा, आकाशातला कोन (रेडियनमध्ये) यांचा गुणाकार करा, त्याला ब्लेझ कोनाच्या (ग्रेटिंगच्या खाचांच्या उताराच्या) टॅनच्या दुपटीने भागा. आला ग्रेटिंगवर पडणाऱ्या समांतर झोताचा व्यास. स्लिट अर्ध्या आर्कसेकंदाची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) आणि टॅन ०.५ धरला, तर उत्तराखंडातल्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीला ३५ मिलिमीटर पुरतात. १० मीटरच्या दुर्बिणीला ९७ लागतात. खरी परीक्षा कॅमेऱ्याची. डिटेक्टरचे पिक्सेल १८ मायक्रॉनचे आणि स्लिट दोन पिक्सेलांवर बसवायची, तर देवस्थळला एफ/४ कॅमेरा चालतो (फोकस अंतर झोताच्या व्यासाच्या चौपट), १० मीटरला एफ/१.५ करावा लागतो, आणि हा आकडा जितका लहान तितका कॅमेरा बनवायला अवघड. हा आकडा पाहिल्याशिवाय पुढचं एकही चित्र काढू नका. ॲडाप्टिव्ह ऑप्टिक्स, म्हणजे हवेमुळे थरथरणारी प्रतिमा क्षणोक्षणी सुधारणारी यंत्रणा, असेल तर स्लिट अरुंद होते आणि सगळंच आटोपशीर होतं.

मग थंडी. माझी निम्मी नोकरी यातच गेली. २.३ मायक्रॉनच्या पुढे खोलीतली प्रत्येक वस्तू स्वतःच उजळते, म्हणून अख्खी चौकट निर्वातात ८० केल्विनच्या आसपास न्यायची. दुर्बिणीच्या मुख्य आरशाची प्रतिमा जिथे पडते तिथे थंड पडदा बसवा. आरशाच्या कडेबाहेरची उष्णता तिथेच अडते. इतक्या थंडीत ॲल्युमिनियम मीटरमागे जवळजवळ ४ मिलिमीटर आकसतं. आरसे आणि चौकट एकाच ६०६१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे केलेत, तर सगळं एकाच प्रमाणात लहान होतं आणि फोकस जागेवर राहतो. भिंगांचं तसं नाही. कॅल्शियम फ्लोराइड कमी आकसतं. ६० मिलिमीटरच्या भिंगाभोवती ॲल्युमिनियमचं कडं ५० मायक्रॉनच्या आसपास जास्त आवळतं. माझं एक भिंग असंच तडकलं. कडं मी खोलीच्या तापमानाला चपखल बसवलं होतं, वर घाईने थंड केलं होतं. तेव्हापासून मी भिंग स्प्रिंगवर तोलते आणि थंड करायला पूर्ण दोन दिवस देते. भिंगांचे अपवर्तनांकही (काच प्रकाश किती वळवते ते सांगणारे आकडे) थंडीतलेच घ्या. नासाच्या गोडार्ड केंद्राने ते मोजून ठेवलेत.

तरंगलांबी जुळवायला आर्गॉनचा दिवा ठेवा, शिवाय हायड्रॉक्सिलच्या रेषा आकाशात फुकट आहेतच.

दुर्बिणीवर चढवण्याआधी, यंत्र पूर्ण थंड असताना, स्लिट झाकून दहा मिनिटांचं एक्स्पोजर घ्या. त्यात उजेड दिसला तर गळती शोधा. आम्हाला ती एकदा केबलच्या भोकाशी सापडली होती.