वॉर्डातून वित्तनियोजनाकडे: राजीनाम्याआधी हे गणित मांडा

मी स्टाफ नर्स होते, आता म्युच्युअल फंड वितरक आहे. ही वाट धरू पाहणाऱ्या सिस्टर-ब्रदर, फार्मासिस्ट, फिजिओ मंडळींसाठी हे लिहिते आहे.

वितरक होण्यासाठीच्या परीक्षेची धास्ती घेऊ नका. एनआयएसएम या शेअर बाजार-गुंतवणूक क्षेत्राच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या सिरीज ५-ए परीक्षेत १०० प्रश्न, दोन तास, ५० टक्क्यांना पास. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. नंतर ॲम्फी, म्हणजे म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेकडून एआरएन हा वितरकाचा नोंदणी क्रमांक मिळवायचा. पण एवढ्यावर कार्डावर ‘आर्थिक सल्लागार’ छापता येत नाही. त्यासाठी सेबी या बाजार नियामकाची वेगळी नोंदणी लागते आणि एनआयएसएमच्याच १०-ए, १०-बी या परीक्षा. तिथे ६० टक्के हवेत, निगेटिव्ह मार्किंगही आहे. सल्लागार फी घेतो, वितरक कमिशन. एकाच ग्राहकाकडून दोन्ही घेता येत नाही.

खरी कसोटी उत्पन्नाची. २०१८ पासून फंडात आगाऊ कमिशन जवळपास बंदच झालं. मिळतं ते ट्रेल, म्हणजे ग्राहकाची रक्कम फंडात असेपर्यंत थोडंथोडं. समजा वीस जणांनी दरमहा पाच-पाच हजारांची एसआयपी लावली. वर्षाअखेर जमा होतात बारा लाख. ट्रेल ०.८ टक्के धरला, तर त्या रकमेवर पूर्ण वर्षाचे ९,६०० रुपये. आपल्या एका पगाराएवढेही नाहीत! म्हणून ड्युटी लगेच सोडू नका. घरखर्च दुसरीकडून भागणार असेल, तरच पूर्णवेळ उतरा.

मग आपल्याकडे जास्तीचं काय आहे? आजारपणाचं बिल कसं चढतं ते आपण पाहिलेलं असतं. पाच लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार. नातेवाईक मायेपोटी दहा हजारांची खोली घेतात. पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल, तर फक्त खोलीचे नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचे पैसेही निम्मेच मंजूर होतात. औषधं आणि तपासण्या यातून वगळलेल्या असतात, तरी उरलेला फरक घरावर येतो. डिस्चार्जच्या दिवशी टीपीए डेस्कसमोर (विम्याचे दावे हाताळणाऱ्या टेबलासमोर) दागिने गहाण ठेवायची बोलणी आपण ऐकलेली असतात. म्हणून मी कुणाच्याही गुंतवणुकीला हात घालण्याआधी आरोग्य विमा आणि टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना रक्कम देणारा) तपासते. जुना आजार लपवू नका, हे तर निक्षून सांगते. जाहीर केलेल्या आजाराला विम्याचं संरक्षण लागू होईपर्यंतची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांची आहे. लपवलेल्या आजारापायी दावाच फेटाळला जाऊ शकतो. विमा स्वतः विकायचा असेल, तर त्याचा परवाना वेगळा काढावा लागतो.

केस हिस्टरी घ्यायची आपली सवय इथे फार उपयोगी पडते. उत्पन्न, कर्जं, घरात अवलंबून कोण, आईवडिलांचा मधुमेह, सगळं विचारा आणि लिहून ठेवा.

एक पथ्य मात्र कडक पाळा. रुग्णालयाच्या रजिस्टरमधला एकही फोन नंबर या कामासाठी वापरू नका, आणि खाटेवरच्या माणसाशी गुंतवणुकीचा विषय काढू नका. तो विश्वास त्याने नर्सवर टाकलेला असतो.