वाइडबँड सेन्सर बसवताना भोक कुठे पाडायचं?

वाइडबँड सेन्सर म्हणजे एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा सेन्सर. तो, त्याचा कंट्रोलर, मीटर आणि एम18 गुणिले 1.5 आट्यांचा पोलादी बंग (पाइपाला वेल्ड करायची, सेन्सर फिरवून बसवायची कडी) हाताशी आहे असं धरतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, एक्झॉस्टचा पाइप उतरवून बाकावर घ्या.

आता भोक. सगळी मेख इथेच आहे. एक्झॉस्ट पोर्टपासून (इंजिनातून धूर बाहेर पडतो ते तोंड) 45 ते 60 सेंमी पुढे, सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र झाल्यावर, पण कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी खूण करा. टर्बो असेल तर धूर टर्बोतून बाहेर पडल्यावर. फार जवळ लावला तर सेन्सर तापून जातो. सायलेन्सरच्या तोंडाशी लावला तर आयडलला बाहेरची हवा आत ओढली जाते आणि इंजिन उगाच लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असं दिसतं.

दिशा त्याहून महत्त्वाची. पाइपाचा गोल म्हणजे घड्याळ धरा; सेन्सर 10 ते 2 च्या मध्येच हवा. यवतमाळकडच्या आमच्या गावात वेल्डर म्हणजे वखर-डवरे आणि ट्रॉलीचे पाट जोडणारा. हात पक्का, पण मला म्हणाला, "भाऊ, खालूनच लावून देतो ना, कोनाले दिसत बी नाही." मी ऐकलं. पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच; थंड पाइपात ते तळाशी साचतं. जानेवारीच्या एका सकाळी सेन्सरच्या आतल्या तापलेल्या सिरॅमिकवर ते पाणी गेलं आणि सेन्सर तडकला. जवळपास क्विंटलभर कापसाचे पैसे गेले. म्हणून 'कुठेही लावा, चालतं' म्हणणाऱ्याचं ऐकूच नका. शिवाय पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल खालच्या सेन्सरवरच बसतो.

वेल्डिंग करताना बंगात जुना बोल्ट फिरवून ठेवा, नाहीतर आटे वाकडे होतात. सेन्सर घालून वेल्डिंग करणाऱ्याला तर मी गाडीला हातच लावू देत नाही. वेल्डिंगचा टाका सगळीकडून बंद हवा, बारीक भोकही नको. गॅस्केटला सिलिकॉन फासू नका, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो.

सेन्सर 40 ते 60 न्यूटन-मीटरने आवळा. वायर लांब करायची तर कंट्रोलरच्या बाजूची करा. सेन्सरचा कनेक्टर कापू नका, त्यात कॅलिब्रेशनचा रेझिस्टर असतो. पॉवर फ्यूज लावून इग्निशनवरून, अर्थ थेट इंजिन ब्लॉकला.

हीटर इंजिन सुरू झाल्यावरच चालू व्हावा. उलट, मीटर बंद ठेवून गाडी पळवू नका; गार सेन्सरवर काजळी बसते.

मीटर लॅम्डावर ठेवा; लॅम्डा म्हणजे प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले त्या इंधनाचं आदर्श प्रमाण. पंपावर आता ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याला साध्या पेट्रोलचा 14.7 हा हवा-इंधन प्रमाणाचा जुना आकडा लागू नाही, 13.5 च्या आसपास येतो. लॅम्डा 1 मात्र दोन्हीला 1 च. आयडलला काटा लीनकडेच अडकला तर कार्ब्युरेटरच्या जेटला हात लावू नका. आधी थंड इंजिन सुरू करून फ्लँजवर (पाइपाच्या जोडावर) आणि टाक्यावर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे कुठे येतात ते पाहा.