बटाट्याची पाकोळी: शेतापासून अरणीपर्यंत कशी रोखावी

करपा पानावर दिसतो, मावाही दिसतो. पाकोळी मात्र बहुतेकदा अरण, म्हणजे बटाटे साठवायचा झाकलेला ढीग, उघडल्यावरच कळते. १९०६ मध्ये इटलीहून मुंबई इलाख्यात आलेल्या बेण्याबरोबर ही कीड भारतात शिरली आणि पुणे जिल्ह्यातल्या खेड-आंबेगावच्या बटाटा पट्ट्याला ती चांगलीच ठाऊक आहे. लहानसा राखाडी पतंग बटाट्याच्या डोळ्याजवळ अंडी घालतो, अळी आत पोखरत जाते आणि डोळ्यापाशी काळी विष्ठा साचते. अळी एकदा आत गेली की वरच्या फवारणीने तिचं काही बिघडत नाही. त्यामुळे पतंगाला बटाट्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही.

सुरुवात बेण्यापासून. डोळ्यापाशी विष्ठा दिसली तर तो बटाटा सरळ बाजूला काढा. लागवड ६ ऐवजी १० सेंमी खोल करावी, अशी संशोधकांची शिफारस आहे.

पुढे सगळ्यात मोलाचं काम म्हणजे मातीची भर, आणि नेमकं तेच मजूर मिळत नाहीत म्हणून राहून जातं. लागवडीनंतर सहा-सात आठवड्यांनी वरंबे नीट चढवा. पोसणारा बटाटा उघडा पडला की मादीला आयती जागा मिळते. जमीन तडकली तरी तेच, कारण भेगांतून ती खाली उतरते. पाण्याची पाळी लांबवून वरंबे कोरडे पडू देऊ नका.

हेक्टरी १५-२० कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, लावा. त्यांत फक्त नर अडकतात, त्यामुळे तेवढ्यावर कीड संपत नाही. पण पतंग वाढू लागल्याचं वेळेवर कळतं. कोपिडोसोमा नावाचा चिमुकला परोपजीवी मिळत असेल तर जरूर सोडा. तो पाकोळीच्या अंड्यात आपलं अंडं घालतो, त्या एकाची आत अनेक पिल्लं होतात आणि अळी कोषात जाण्याआधीच मरते. तो सोडल्यावर कडक कीटकनाशक मारलं, तर पैसे पाण्यात.

काढणीच्या दिवशी घाई करावी ती इथे. पतंग अंधार पडताना बाहेर येतात, म्हणून काढलेला माल रात्रभर रानात ठेवू नका. ढिगावर बटाट्याचाच पाला टाकायची सवय तर सोडाच. पाला सुकला की त्यातल्या अळ्या खालच्या बटाट्यात उतरतात.

अरण लावण्याआधी कापलेले, किडलेले बटाटे निवडून काढा. ढिगाच्या खाली आणि वर घाणेरीच्या सुकलेल्या पाल्याचा अडीच सेंमी थर द्या. कडुनिंबाचा पालाही चालतो. खाण्याच्या बटाट्यावर कीटकनाशकाची भुकटी मात्र टाकू नये. बेणं शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवलं की किडीची वाढ थांबते. खाण्याचा बटाटा तेवढ्या थंडीत गोड होतो.

अरण अधूनमधून उघडून पाहा. पोखरलेले बटाटे बांधावर न फेकता खोल पुरा, आणि रानात राहिलेले बटाटेही वेचून घ्या.