सॅन फ्रान्सिस्को बे एरियात छोटे विमान विकत घेताना

खासगी वैमानिकाचा परवाना हाती आल्यावर वर्ष-दीड वर्षात भाड्याच्या विमानांचा कंटाळा येऊ लागतो आणि सॅन होजे, फ्रीमाँट, प्लेझंटन या भागांत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या मनात स्वतःच्या विमानाचा विचार घोळू लागतो. हे लेखन अशा वाचकांसाठी आहे. परवान्यासाठी कायद्याने किमान ४० तासांचे उड्डाण पुरते, प्रत्यक्षात साठ-सत्तर तास सहज लागतात. पण त्या प्रशिक्षणात विमानाच्या मालकीविषयी जवळजवळ काहीच शिकवले जात नाही. विमान उडण्यायोग्य स्थितीत राखण्याची प्राथमिक जबाबदारी अमेरिकी नियमांनी मेकॅनिकवर टाकलेली नसून मालकावर टाकलेली आहे, आणि पुढचा सगळा मामला या एका तरतुदीतून निघतो.

आपल्या लोकांसाठी पहिला प्रश्न कागदपत्रांचा असतो. एच-वन व्हिसावर असलेल्या व्यक्तीला टीएसए या सुरक्षा संस्थेची पूर्वपरवानगी घेऊन प्रशिक्षण घेता येते आणि परवानाही मिळतो, परंतु विमानाची नोंदणी स्वतःच्या नावावर करण्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड आवश्यक असते. ग्रीनकार्ड येईपर्यंत फ्लाइंग क्लबचे सदस्यत्व घ्यावे, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. ट्रस्टच्या नावाने विमान घेण्याचा मार्ग आहे, पण पहिल्याच विमानासाठी तो खटाटोप करावा असे मला वाटत नाही.

कोणते विमान घ्यावे, याचे उत्तर बहुतेक नवख्यांनी जुने सेस्ना १७२ असे समजावे. १९५६ पासून चाळीस हजारांहून अधिक विमाने बनल्यामुळे त्याचे सुटे भाग मिळतात, ते ओळखणारे मेकॅनिक मिळतात आणि विमा कंपन्याही फार खळखळ करत नाहीत. मात्र त्याला चार आसने आहेत म्हणून चार माणसे नेता येतील, हा समज आधी सोडावा. उदाहरणासाठी सत्तरच्या दशकातील १७२एम हे मॉडेल घेऊ. त्याचे कमाल वजन २,३०० पौंड, म्हणजे १,०४३ किलो असते. विमानाचे स्वतःचे वजन वजा केल्यावर साधारण ३८५ किलो उरतात. टाक्या पूर्ण भरल्या की वापरता येणाऱ्या ३८ गॅलन इंधनाचेच सुमारे १०३ किलो होतात. उरलेल्या २८० किलोंत चार प्रौढ आणि त्यांच्या बॅगा बसत नाहीत. आई-वडील भारतातून आले असताना सर्वांना घेऊन टाहो सरोवराला जायचे, असे स्वप्न असेल तर ते दोन फेऱ्यांचे स्वप्न आहे.

सर्वाधिक काळजी खरेदीपूर्वीच्या तपासणीत घ्यावी. विमान किती चकचकीत आहे यापेक्षा त्याची लॉगबुके, म्हणजे उड्डाण-देखभालीच्या नोंदवह्या, सलग आणि पूर्ण आहेत का, हे आधी पाहावे, कारण एखादे जुने लॉगबुक हरवलेले असेल तर त्या काळातील अपघात, दुरुस्त्या आणि इंजिनाचे तास यांबद्दल केवळ विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते. ओक्लाहोमा सिटीतील एफएए या अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या नोंदणी कार्यालयातून मालकी हक्काचा शोध करून घ्यावा; विमानावरील कर्जाचा बोजा फेडलेला नसेल तर तो विमानासोबत नव्या मालकाकडे येतो. त्यानंतर सक्तीच्या सुरक्षा आदेशांची, म्हणजे एडींची, यादी लॉगबुकांशी ताडून पाहावी. सेस्नाच्या आसनांखालील रुळांची ठरावीक काळाने तपासणी करण्याचा आदेश त्यांतला प्रसिद्ध आहे: रूळ झिजले की उड्डाणाच्या क्षणी आसन मागे सरकते आणि वैमानिक आधारासाठी योकच, म्हणजे विमानाचे नाक वर-खाली करणारे सुकाणूच, ओढतो. तपासणीसाठी मेकॅनिक आपण निवडावा. विक्रेत्याच्या विमानाची वर्षानुवर्षे देखभाल करणारा मेकॅनिक कितीही सज्जन असला तरी या कामासाठी नको.

इंजिनाच्या बाबतीत नवखे लोक एका आकड्याला भुलतात. अनेक जुन्या १७२ मध्ये असणाऱ्या लायकमिंगच्या ओ-३२० इंजिनासाठी कंपनीने ओव्हरहॉलची, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्याने जुळवण्याची, शिफारस २,००० तासांवर केलेली असते, त्यामुळे जाहिरातीत ‘ओव्हरहॉलनंतर फक्त ३०० तास’ असे वाचले की विमान स्वस्तात मिळते आहे असे वाटते. परंतु ते ३०० तास जर पंधरा वर्षांत झाले असतील, तर मी अशा विमानापासून दूर राहीन. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन्‌महिने उभे राहिले की त्यावरचे तेल निथळते, दमट हवेत त्याला गंज धरतो आणि नंतर तो झिजत जातो. दर आठवड्याला उडणारे १,४०० तासांचे इंजिन मला अधिक भरवशाचे वाटते. १९७७ ते १९८० च्या १७२एनमध्ये एच-टू-एडी प्रकारचे इंजिन आहे आणि कॅमच्या झिजेबद्दल ते विशेष बदनाम आहे, त्यामुळे तिथे दुप्पट चौकशी करावी.

उपकरणांवर किती खर्च करावा, याला अंत नाही. जानेवारी २०२० पासून सॅन फ्रान्सिस्कोसारख्या मोठ्या विमानतळाभोवतीच्या ३० सागरी मैलांत एडीएस-बी आउट, म्हणजे विमानाचे स्थान आपोआप प्रसारित करणारे उपकरण, सक्तीचे आहे, त्यामुळे इथे ते नसलेले विमान स्वस्त दिसले तरी स्वस्त नसते. त्यानंतर माझ्या क्रमाने चांगला कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर येतो. केबिनचा हीटर एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालतो आणि मफलरला तडा गेला तर हा वास नसलेला वायू थेट आत शिरतो. विमानाची स्थिती दाखवणारी काही उपकरणे चालवणारा जुना व्हॅक्यूम पंप पूर्वसूचना न देता बंद पडू शकतो, म्हणून त्यावरच्या उपकरणांऐवजी गार्मिन जी-फाइव्हसारखी इलेक्ट्रॉनिक उपकरणे बसवणे शहाणपणाचे आहे. मोठे रंगीत स्क्रीन त्यानंतर. विकताना हा खर्च पुरता वसूल होत नाही, हे लक्षात ठेवावे.

दर बारा महिन्यांनी वार्षिक तपासणी, दर चोवीस महिन्यांनी ट्रान्सपाँडरची, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राची, चाचणी, विमा, उभे करण्याच्या जागेचे भाडे आणि कॅलिफोर्नियात काउंटीचा वार्षिक मालमत्ता कर, हे सगळे खर्च विमान कमी उडाले तरी करावेच लागतात. तेल मात्र आपण स्वतः बदलू शकतो. परवानाधारक मालकाला तेल, स्पार्कप्लग, टायर, बॅटरी यांची कामे करण्याची मुभा आहे, फक्त ती लॉगबुकात तारीख आणि सहीसह नोंदवावी लागतात. फिल्टर असलेल्या इंजिनाचे तेल ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, बदलावे आणि फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का ते पाहावे. इंजिनाची तब्येत इतकी स्वस्तात कळण्याचा दुसरा उपाय नाही. आणखी एक स्थानिक बाब म्हणजे सॅन होजेतील रीड-हिलव्ह्यू विमानतळावर १ जानेवारी २०२२ पासून शिसेयुक्त १००एलएल इंधन विकले जात नाही, तेव्हा आपल्या इंजिनाला तिथे मिळणारे शिसेविरहित इंधन चालते का आणि त्यासाठीची मंजुरी कागदोपत्री आहे का, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

उन्हाळ्यात समुद्रकाठच्या विमानतळांवर सकाळी ढगांचा खालचा थर बसतो आणि तो उठेपर्यंत हाफ मून बेला जाणे होत नाही. त्याहून गंभीर प्रकरण डोंगरांचे. साउथ लेक टाहोची धावपट्टी सुमारे ६,२७० फुटांवर आहे. तापमान ३० अंश असेल तर विमानाला हवा साडेनऊ हजार फुटांवरच्या इतकी विरळ जाणवते आणि दीडशे अश्वशक्तीचे इंजिन पाव भागाहून अधिक शक्ती गमावते. तिथे सकाळी लवकर निघावे, टाक्या अर्ध्या ठेवाव्यात आणि पहिल्यांदा प्रशिक्षकाला सोबत घेऊनच जावे.

मंडळातील मित्र प्रेमाने म्हणतात की आम्हाला फिरवून आण, सगळा खर्च आम्ही देतो. हे स्वीकारता येत नाही. इंधन, तेल, विमानतळ शुल्क यांतला आपला समान वाटा खासगी वैमानिकाने स्वतः भरलाच पाहिजे. खर्च खरोखर हलका करायचा असेल तर भागीदार शोधावेत. तिघे असावेत असे माझे मत आहे, कारण दोघांत खर्च फार कमी होत नाही आणि पाच जण झाले की शनिवार-रविवारवरून कुरबुरी सुरू होतात. भागीदार घरोब्यातले असले तरी करार लेखी करावा. उडलेल्या प्रत्येक तासामागे किती रक्कम इंजिनाच्या निधीत जाईल, विम्याची स्वतः सोसायची रक्कम कोण भरेल, आणि एखाद्याची नोकरी सिएटलला गेली तर त्याचा हिस्सा कोणत्या पद्धतीने मूल्य ठरवून, किती दिवसांत उरलेल्यांनी विकत घ्यायचा, ही तीन कलमे त्यात असल्याशिवाय सही करू नये.