अलिक न्खाता यांच्यावरील श्रवणसत्र कसे बांधावे

ठाण्यात गाणी ऐकवणाऱ्या मंडळांची वानवा नाही. नौपाडा, घंटाळी किंवा पाचपाखाडी येथे शनिवारी संध्याकाळी कुठे ना कुठे जुन्या भावगीतांची मैफल भरलेलीच असते. अशाच एका मंडळात आम्ही झांबियाचे निवेदक आणि गायक अलिक न्खाता यांच्यावर एक तासाचे सत्र दोनदा केले. पहिले फसले, दुसरे जमले. ज्यांना असे सत्र आपल्या मंडळात करायचे असेल, त्यांच्यासाठी ही मांडणी आहे.

पहिल्या खेपेस आम्ही सनावळीच्या वाटेने गेलो. १९२२ साली कासामा येथे जन्म, शिक्षकाचे प्रशिक्षण, महायुद्ध, रेडिओतील नोकरी, गाणी, मृत्यू, असा क्रम लावला आणि मध्यंतराआधी ‘निवेदक’ व मध्यंतरानंतर ‘गायक’ अशी सरळ वाटणी केली. या वाटणीनेच सत्राचा जीव गेला, कारण न्खाता यांच्या बाबतीत ही दोन कामे मुळात वेगळी नव्हती. ज्या केंद्राच्या ध्वनिक्षेपकासमोर ते बोलत, त्याच केंद्रासाठी ते गाणी गोळा करत, रचत आणि गात. म्हणून सत्राची सुरुवात गायकापासून न करता ऐकणाऱ्यापासून करावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

ऐकणारा कोण होता, हे सांगायला लुसाका केंद्राची गोष्ट पुरते. उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, सरकारच्या माहिती खात्याने १९४१ साली हे छोटे केंद्र उभारले. युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या घरच्यांना बातमी कळावी, हा त्यामागचा हेतू होता. पुढे त्याचे ‘सेंट्रल आफ्रिकन ब्रॉडकास्टिंग स्टेशन’ झाले आणि बेंबा, न्यांजा, टोंगा, लोझी अशा स्थानिक भाषांतून कार्यक्रम होऊ लागले. मात्र कार्यक्रम असले तरी ते ऐकायला सामान्य माणसाजवळ रेडिओ नव्हता. खेड्यात वीज नव्हती आणि बाजारातला संच परवडणारा नव्हता. माहिती खात्याचे प्रमुख हॅरी फ्रँकलिन यांनी स्वस्त, बॅटरीवर चालणाऱ्या संचाचा ध्यास घेतला आणि १९४९ मध्ये ब्रिटनमधील ‘एव्हर रेडी’ कंपनीने तो तयार केला. त्याचे कवच सॉसपॅनच्या, म्हणजे आपल्या पातेल्याच्या, गोल अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाचे होते, म्हणून त्याचे नावच ‘सॉसपॅन स्पेशल’ पडले. रंग निळा, किंमत पाच पौंड, बॅटरीचे पैसे वेगळे.

येथे सभागृहात एक खरेखुरे पातेले न्यावे. आम्ही जांभळी नाक्याच्या बाजारातून नऊ इंच व्यासाचे, झाकण नसलेले अ‍ॅल्युमिनियमचे पातेले आणले, फोनवर न्खाता यांचे एक गाणे लावून फोन त्यात आडवा ठेवला आणि पातेले पहिल्या रांगेतून हातोहात मागे जाऊ दिले. आवाज किंचित पत्र्यासारखा, पण भरदार येतो, आणि बुडाला तळवा लावला तर गिटारीची तार हाताला जाणवते. तिसऱ्या रांगेतील एका आजींनी पातेले मांडीवर घेऊन ते गाणे संपेपर्यंत पुढे दिलेच नाही. फार बोलण्याची गरज उरत नाही. पाच मिनिटे पातेले फिरू द्यावे आणि निवेदकाने गप्प बसावे.

त्यानंतर चरित्राकडे वळावे आणि त्यातला मधला भाग विस्ताराने सांगावा. न्खाता यांचे वडील टोंगा व आई बेंबा, त्यामुळे घरातच दोन भाषा होत्या. दुसऱ्या महायुद्धात ते पूर्व आफ्रिकी डिव्हिजनबरोबर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. ठाण्यातल्या श्रोत्यांत ज्यांचे आजोबा त्याच आघाडीवर लढले असे कोणी ना कोणी निघते, तेव्हा हा मुद्दा घाईने उरकू नये. युद्धानंतर लोकसंगीताचे संग्राहक ह्यू ट्रेसी यांच्याबरोबर ते ध्वनिमुद्रणाच्या दौऱ्यांवर गेले. हेच ट्रेसी पुढे १९५४ मध्ये आफ्रिकी संगीताचे मोठे ग्रंथालय स्थापन करणारे. गावोगावची गाणी कानावरून अशी गेलेला माणूस पुढे लुसाकाच्या केंद्रात निवेदक झाला, त्याने चौघांचा गायकवृंद उभा केला आणि खेड्यातल्या चाली गिटारीच्या साथीवर बसवल्या. तांब्याच्या खाणींवर कामाला गेलेल्या माणसाला स्वतःच्या गावची चाल शहरी वेशात, स्वतःच्या भाषेत, रेडिओवर ऐकू येऊ लागली. गिरणगावातील चाकरमान्याला कोकणातले गाणे रेडिओवर लागल्यावर काय वाटत असेल, हे आपल्याकडच्या श्रोत्यांना निराळे समजावून सांगावे लागत नाही. पु. ल. देशपांडे आणि यशवंत देव यांनीही आकाशवाणीत नोकरी केली, याची आठवण एका वाक्यात द्यावी, अधिक नको. तुलना लांबली की श्रोते आपल्याच आठवणींत रमतात आणि लुसाका मागे पडते.

नावांच्या उच्चारांची तयारी आधी करावी. इंग्रजी लिपीतून वाचणारे ‘नखाटा’ किंवा ‘एनखाटा’ म्हणतात आणि ते कानाला खुपते. मराठी माणसाला हा उच्चार उलट सोपा आहे. ‘शंखात’ हा शब्द सावकाश म्हणावा, सुरुवातीचा ‘श’ गाळावा आणि शेवटचा ‘त’ लांबवावा. जे उरते ते त्या आडनावाच्या अगदी जवळचे आहे. त्यातला ‘ख’ आपलाच महाप्राण ‘ख’ आहे, आणि त्याआधीचे अनुनासिक आपण शंखात, पंखात रोजच उच्चारतो.

गाण्यांची निवड मोजकी असावी. तासाभरात सहा पुरेत. ‘रेट्रोआफ्रिक’ या रेकॉर्ड कंपनीने १९९१ मध्ये काढलेल्या संकलनात त्यांची गाणी एकत्र मिळतात आणि त्या संकलनाच्या नावातच असलेले ‘शालापो’ हे गाणे सत्रात हवेच. या बेंबा शब्दाचा अर्थ, निघणाऱ्याने मागे राहणाऱ्याला म्हटलेले ‘राहा बरे, सुखरूप राहा’. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो, म्हणजे स्वतःविषयी बोलतो. बेंबा माणूस राहणाऱ्याविषयी बोलतो. ही एवढी टिपणी गाण्याआधी द्यावी आणि ओळीओळीचा अनुवाद वाचण्याचा मोह टाळावा. आम्ही पहिल्या वेळी अनुवादाचे कागद वाटले होते; सगळ्यांच्या माना कागदात आणि गाणे वरून गेले.

ध्वनियंत्रणेबाबत एक कडू अनुभव सांगतो. पहिल्या सत्राला भाड्याने आणलेल्या मोठ्या स्पीकरच्या माणसाने वरातीच्या सवयीने खर्ज इतका चढवला की १९५० च्या दशकातील त्या नाजूक ध्वनिमुद्रणात गिटार बुडाली आणि नुसती घरघर उरली. ही मुद्रणे एकाच वाहिनीची आहेत. साठ-सत्तर माणसांच्या हॉलमध्ये मध्यम आकाराचा एकच स्पीकर समोर मधोमध ठेवावा, खर्ज उतरवावा आणि आवाज बोलण्याच्या पातळीवर ठेवावा. पंखे गाण्यापुरते बंद करता आले तर फार उत्तम, मात्र मे महिन्यात हा आग्रह धरू नये.

कायद्याचीही एक नोंद घ्यावी. नफ्यासाठी न चालणाऱ्या मंडळाच्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवण्याची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. तिकीट लावायचे असेल तर परवान्याची चौकशी आधी करावी.

आता सर्वांत अवघड भाग. १९६४ च्या ऑक्टोबरात झांबिया स्वतंत्र झाला आणि न्खाता देशाच्या प्रसारण सेवेचे संचालक झाले. निवृत्तीनंतर ते मकुशीजवळ शेती करू लागले. शेजारच्या ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतील, स्वातंत्र्ययुद्धात लढणाऱ्यांचा तळ त्या भागात होता, आणि ऑक्टोबर १९७८ मध्ये ऱ्होडेशियाच्या सैन्याने केलेल्या हल्ल्यात ते मारले गेले. हे तीन-चार वाक्यांत, आवाज न चढवता सांगावे आणि त्यापाठोपाठ ‘शालापो’ लावू नये. आम्ही पहिल्या वेळी तसे केले, लोकांनी डोळे पुसले आणि मला नंतर त्याची लाज वाटली. प्रेमगीताला श्रद्धांजलीच्या कामाला जुंपल्यासारखे ते होते. दुसऱ्या वेळी ‘शालापो’ सुरुवातीलाच, पातेल्यातून ऐकवले. मृत्यूच्या हकिकतीनंतर मिनिटभर काहीच वाजवले नाही आणि मग त्यांचे एक खेळकर, ठेक्याचे गाणे लावले.

शेवटचे निवेदन रेडिओवरच्यासारखे, सपाट आणि स्पष्ट असावे: गाण्यांची नावे, मंडळाच्या पुढच्या सत्राची तारीख, आणि झांबियाच्या राष्ट्रीय प्रसारण महामंडळाचा पत्ता, मास मीडिया कॉम्प्लेक्स, अलिक न्खाता रोड, लुसाका.