प्रसामान्य वक्र कसा वाचावा : टॉवेलच्या वजनावरून ओळख

सोलापुरातील एकाच यंत्रमागावर एकाच मापाचे विणलेले टॉवेल तराजूवर ठेवले, तरी सगळ्यांचे वजन तंतोतंत सारखे भरत नाही. सुताची जाडी किंचित बदलते, आडवे धागे कुठे दाट तर कुठे विरळ बसतात, कापताना कात्री थोडी सरकते. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या अशा पुष्कळ बारीक कारणांच्या परिणामांची बेरीज होते, तेव्हा मोजमापांचा आलेख घंटेच्या आकाराकडे झुकतो. त्यालाच प्रसामान्य वक्र म्हणतात. गणितज्ञ द म्वाव्र यांनी १७३३ मध्ये त्याचे सूत्र मांडले आणि गणितज्ञ गाउस यांनी १८०९ मध्ये ते निरीक्षणांतील चुकांना लावले.

हिशेबाच्या सोयीसाठी असे समजू की, आपण ५०० टॉवेल तोलले, त्यांचा मध्य (सरासरी) ४०० ग्रॅम आणि प्रमाण विचलन, म्हणजे वजने मध्याभोवती किती पसरली आहेत याचे माप, १० ग्रॅम आले. पाच-पाच ग्रॅमचे वर्ग करून आयतालेख, म्हणजे प्रत्येक वर्गातील टॉवेलांची संख्या उभ्या आयतांनी दाखवणारा आलेख, काढावा आणि त्यावरून हलक्या हाताने वक्र ओढावा. चादरीची घडी घालावी तसा तो कागद ४०० च्या रेषेवर दुमडला, तर दोन्ही बाजू एकमेकींवर बसतात. म्हणूनच मध्य, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे वजन) आणि बहुलक (सर्वाधिक वेळा येणारे वजन) येथे एकाच ठिकाणी येतात. वक्राची टोके आडव्या अक्षाच्या जवळ जात राहतात, पण त्याला कधीच टेकत नाहीत. टॉवेलचे वजन शून्याखाली जाऊ शकत नाही, ही शंका रास्त आहे. परंतु शून्य येथे मध्यापासून ४० प्रमाण विचलने दूर असल्याने व्यवहारात तिचा अडथळा होत नाही.

यानंतरचा गुणधर्म सहसा घाईत सांगितला जातो, पण माझ्या मते खरी समज तेथेच येते. शिखरावरून पेन्सिल उजवीकडे उतरवत न्यावी. सुरुवातीला वक्र पालथ्या कढईसारखा असतो. ४१० वर, म्हणजे बरोबर एका प्रमाण विचलनावर, त्याचा बाक उलटतो आणि पुढे तो सुलट ठेवलेल्या कढईच्या काठासारखा पसरतो. हीच जागा सर्वांत उताराची असून तेथील उंची शिखराच्या सुमारे ६१ टक्के असते. डावीकडे ३९० वरही हेच घडते. त्यामुळे नीट काढलेल्या वक्रावर प्रमाण विचलन नजरेनेही ओळखता येते. ते १० ऐवजी २० ग्रॅम झाले, तर वक्र दुप्पट पसरतो आणि शिखर निम्मे होते, कारण वक्राखालचे एकूण क्षेत्रफळ नेहमी १ च, म्हणजे सर्व टॉवेल मिळून १०० टक्के, राहते.

संभाव्यता या क्षेत्रफळात असते, उंचीत नव्हे. मध्यापासून एका प्रमाण विचलनाच्या आत ६८.२७ टक्के, दोनांच्या आत ९५.४५ टक्के आणि तिनांच्या आत ९९.७३ टक्के क्षेत्रफळ येते. म्हणजे ३९० ते ४१० ग्रॅममध्ये सुमारे ३४१ टॉवेल, ३८० ते ४२० मध्ये सुमारे ४७७ आणि ३७० ते ४३० च्या बाहेर जेमतेम एखाद-दुसरा टॉवेल अपेक्षित असतो.

मधल्या वजनांसाठी प्रमाणांक, म्हणजे ते वजन मध्यापासून किती प्रमाण विचलने दूर आहे हा अंक, काढावा लागतो. ४१५ मधून ४०० वजा करून १० ने भागल्यास १.५ येतो. प्रसामान्य वक्राच्या क्षेत्रफळांच्या कोष्टकात त्याच्यासमोर ०.९३३२ दिसते; हे त्याच्या डावीकडचे सगळे क्षेत्रफळ असते, म्हणून ४१५ पेक्षा जड टॉवेल ६.६८ टक्के, म्हणजे सुमारे ३३ असतील. काही कोष्टके मात्र मध्यापासूनचे क्षेत्रफळ देतात आणि तेथे याच अंकासमोर ०.४३३२ छापलेले असते. त्यामुळे आकडा उचलण्याआधी कोष्टकाच्या माथ्यावरील आकृतीत कोणता भाग रंगवला आहे, ते पाहावे.

‘प्रसामान्य’ या नावामुळे इतर वितरणे बिघडलेली आहेत असा समज होतो, तो चुकीचा आहे. सोलापूरच्या रोजच्या पावसाचे आकडे मांडले, तर वर्षातील बहुतेक दिवस शून्यापाशी साचतात आणि मोजक्या मुसळधार दिवसांमुळे शेपूट एकाच बाजूला लांबते; तेथे वरील टक्केवारी लावू नये. टॉवेलच्या आयतालेखातही दोन उंचवटे दिसले, तर बहुधा वेगवेगळे मध्य असलेल्या दोन मागांचा माल एकत्र झालेला असतो. अशा वेळी तो मागांनुसार वेगळा करून पुन्हा तोलावा.