अ‍ॅब्स्ट्रॅक्ट लिहिताना काळ कोणता?

माझ्या पहिल्या शोधनिबंधाचा इंग्रजी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे सुरुवातीला द्यायचा छोटा सारांश, मार्गदर्शकांकडून परत आला, तेव्हा त्यावर काहीच खोडलेलं नव्हतं. एका क्रियापदाखाली रेघ होती आणि शेजारी एकच शब्द: 'नेहमी?'

माझं वाक्य होतं, 'ट्वेल्व्ह-अवर सोकिंग इम्प्रूव्हज जर्मिनेशन'. बियाणं एकाच वाणाचं, प्रयोग एकदाच केलेला, आणि वाक्य मात्र असं की बारा तास भिजवलेलं कुठलंही बी कधीही जास्त उगवतंच. 'इम्प्रूव्ह्ड' लिहिलं असतं, तर 'आमच्या प्रयोगात उगवण वाढली' एवढाच अर्थ झाला असता, आणि तेवढाच मला सिद्ध करता येत होता. इंग्रजी व्याकरण मला शाळेपासून येत होतं. पण काळ बदलला की दाव्याची व्याप्ती बदलते, हे त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून मी प्रत्येक क्रियापदाला विचारते: ही गोष्ट घडून संपली, की आजही खरी आहे? काय केलं आणि काय आढळलं, ते साध्या भूतकाळात: 'वुई मेझर्ड', 'दि रेट इन्क्रीज्ड'. सर्वमान्य पार्श्वभूमी वर्तमानात. निबंध स्वतः काय करतो तेही वर्तमानात, 'धिस पेपर प्रेझेंट्स', कारण निबंध वाचकाच्या समोरच आहे. निष्कर्षही वर्तमानात, पण तिथे 'प्रूव्ह'ऐवजी 'सजेस्ट' किंवा 'इंडिकेट' अशी जपून बोलणारी क्रियापदं घ्यावीत.

आपल्याला खरी अडचण येते ती मराठीमुळे, आणि याबद्दल कोणी सांगत नाही. आपण सहज म्हणतो, 'नमुने गोळा केले होते'. मराठीत हे 'होते' म्हणजे पुष्कळदा नुसतं 'मागे कधीतरी'. ते तसंच इंग्रजीत नेलं की 'सॅम्पल्स हॅड बीन कलेक्टेड' होतं, आणि इंग्रजी वाचक थांबून राहतो: हे कशाच्या आधी घडलं? 'हॅड'ला भूतकाळातलीच दुसरी, नंतरची घटना लागते. ती नसेल तर 'वेअर कलेक्टेड' पुरे. माझ्या पहिल्या मसुद्यात असे सात 'हॅड' होते, त्यातला एकच गरजेचा निघाला.

'केलं आहे'चंही तसंच. 'हे २०१५ मध्ये दाखवलं आहे' मराठीत खटकत नाही, पण इंग्रजीत 'हॅव्ह शोन इन २०१५' चूक आहे. नेमकं साल आलं की 'शोड'. साल न सांगता 'आजवर अनेकांनी दाखवलं आहे' म्हणायचं असेल, तर 'हॅव्ह शोन' अगदी योग्य. 'सिन्स २०१५' असेल तरीही 'हॅव्ह'च, कारण तो कालखंड आजपर्यंत येतो.

'विल' कुठून येतो तेही सांगते. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे काम सुरू करण्याआधीच्या आराखड्यात, सगळं भविष्यकाळात असतं, आणि काम झाल्यावर तोच मजकूर उचलून अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये टाकला जातो. मग झालेला प्रयोगही 'विल बी कंडक्टेड' म्हणून छापायला जातो. फाइलमध्ये 'विल' हा शब्द शोधा, दोन मिनिटांचं काम आहे.

विषयागणिक रीत बदलते, हे लक्षात असू द्या. गणितात 'वुई प्रूव्ह दॅट' असा वर्तमानकाळच चालतो, कारण प्रमेय काल खरं आणि आज खोटं होत नाही. साहित्यसमीक्षेत लेखक कधीच गेलेला असला तरी त्याची संहिता 'सेज' आणि 'शोज'. म्हणून ज्या नियतकालिकाकडे निबंध पाठवायचा आहे, त्यातले पाच-सहा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट घेऊन फक्त क्रियापदांखाली रेघा मारत जा. मला व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा याचा जास्त उपयोग झाला. अ‍ॅब्स्ट्रॅक्टची मर्यादा बहुधा १५० ते २५० शब्दांची असते, त्यामुळे क्रियापदं फार तर वीस-पंचवीस भरतात. एकेक तपासायला अर्धा तास पुरतो.

माझ्या त्या एका वाक्याची शेवटी दोन झाली. पहिल्यात उगवण 'इम्प्रूव्ह्ड', म्हणजे जे आम्ही पाहिलं. दुसरं सुरू होतं 'दीज रिझल्ट्स सजेस्ट'ने, आणि त्यात भिजवण्याचा फायदा या वाणाला 'मे' होऊ शकतो एवढंच म्हटलं. मार्गदर्शकांनी ते वाचलं आणि या वेळी कुठेच रेघ मारली नाही.